चौदा दिवसांची मुदत

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. निमोण्याहून घोडनदीच्या अंगाला पायी निघालं की तासाभरात लागतं, एवढं पुरे. तिथं आमचे भाऊबंद अजून नांदतात आणि या वयात मला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. पण म्हाळू आबांविषयी लिहायचं तर त्या गावाच्या शिवेवर जावंच लागतं. आबांचं निम्मं आयुष्य तिथं अडकून पडलं होतं.

म्हाळू आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. गावचे येसकर. वेशीची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, ही येसकराची कामं. या सगळ्या राबणुकीत एकच काम असं होतं की तिथं पाटलालाही तोंड मिटून बसावं लागे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की येसकर चालेल ती हद्द. ज्याची सावली चालत नव्हती, त्याची साक्ष मात्र चालायची. मला या प्रकाराचा संताप येतो. आबांना अभिमान होता.

सत्तावन्न साली आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली. येसकरी सोडली, देव्हाऱ्यातले टाक घोडनदीत सोडले. आबा सगळ्यांच्या पुढं होते. त्यानंतर त्यांनी कुणापुढं मान वाकवली नाही की अंगारा लावला नाही. एक खोड मात्र गेली नाही. कुठलीही हद्द ओलांडताना ते क्षणभर थबकायचे. शेताचा बांध असो, नाही तर ओढा असो. आमच्याकडं दौंडला एसटीनं येताना शिरूर तालुका संपून दुसरा सुरू झाला की बसल्या जागी पाय उचलून धरायचे. शेजारचा प्रवासी बघत राहायचा. मी लाजेनं खिडकीबाहेर बघायचो.

ही गोष्ट पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. मी एकवीस वर्षांचा, नुकताच बी. ए. झालेला. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो. वडील कोंडिबा लोकोशेडमध्ये कामाला. लष्करात अधिकारी व्हायच्या परीक्षेचा अर्ज मी भरला होता. आमच्या वस्तीतले लोक पलटणीत गेलेले होते, पण शिपाई म्हणून. खांद्यावर चांदणी लावलेला कुणी नव्हता. वडिलांनी हे इतक्या लोकांना सांगून ठेवलं होतं की नापास होण्याची सोयच उरली नव्हती. क्वार्टरमध्ये दिवसभर इंजिनांचं शंटिंग, शिट्ट्या आणि शेजाऱ्यांचा रेडिओ. शेवटी वडील म्हणाले, "गावाकडं आबाजवळ जा. तिथं कोण तुझ्या कानाशी वरडत न्हाई."

इंग्रजी आणि गणित मला जड नव्हतं. घोडं अडलं होतं सामान्य ज्ञानावर, आणि त्यातही राज्यघटनेच्या सुरुवातीलाच. राज्ये आणि प्रदेश. कलम एक ते चार. माझं गाईड पुण्याहून जुन्या पुस्तकांतून आणलेलं. त्यात हिमाचल अजून केंद्रशासित होता, मेघालय जन्मलंच नव्हतं. मी पेन्सिलीनं दुरुस्त्या करत होतो. एकवीस राज्यं पाठ करून आलो, तर मे महिन्यात सिक्कीम बाविसावं राज्य झालं. चावडीवरच्या रेडिओवर ते ऐकलं तेव्हा मी संसदेवर मनातल्या मनात खूप खेकसलो. परीक्षेपर्यंत तरी थांबायचं!

मला चालत पाठ करायची सवय. घरात चालायला जागा नाही, बाहेर ऊन. म्हणून मी शिवेजवळची पट्टी शोधून काढली. ओढ्याच्या कडेला झरा होता, एक जुनी बाभूळ होती आणि चाळीस पावलं रुंदीचं मोकळं रान. तिथं कुणी पेरत नव्हतं. भर दुपारी तर चिटपाखरूही नसायचं. मेंढरं झऱ्यावर पाणी प्यायची आणि सावलीत न बसता उन्हात जाऊन उभी राहायची. शहरात वाढलेल्या माणसाला अशा गोष्टींचं काही वाटत नाही. अभ्यासाला फुकटात सावली मिळाली, एवढंच मी बघितलं.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी मी कलम तीन घोकत होतो. पाठ इंग्रजीतून करायचं, पण नीट समजावं म्हणून मोठ्यानं मराठीत बोलायचं, असा माझा रिवाज. पट्टीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं चाळीस पावलं टाकायची, की एक कलम पुरं. त्या दिवशी टोकाला पोचून थांबलो आणि मागं एक पाऊल वाजलं.

वळून पाहिलं. कुणी नाही. वाळक्या गवतावर आपल्याच वहाणेचा आवाज उशिरा आला असेल, म्हणून परत निघालो. आता मुद्दाम मोजत. टाकली चाळीस. ऐकली एक्केचाळीस. शेवटचं पाऊल माझ्यापेक्षा हलकं होतं, अनवाणी असावं तसं. मी थांबल्यावर तेही थांबलं, पण जरा चुकून, उशिरा. सवय नसलेलं माणूस कवायतीत चुकतं तसं.

मी घाबरलो नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. लष्करात जायला निघालेला गडी, भर बारा वाजता, हातात गाईड घेऊन घामानं थबथबला होता. तरी हट्टानं दुसऱ्या दिवशीही गेलो. झऱ्याच्या ओल्या वाळूत माझ्या वहाणांच्या खुणांशेजारी एक बारकं पाऊल उमटलं होतं. माझ्या तळहाताएवढं. एकच. पुढं नाही, मागं नाही.

जेवताना मी आबांची चेष्टा करायला गेलो. म्हटलं, "आबा, तुमच्या पट्टीवर भूत हाय बरं का. त्याला राज्यघटनेची आवड हाय. रोज माझ्यामागं फिरतंय, पाऊल सोडून जातंय."

आबांचा घास हातातच राहिला. आमच्यात भुताखेताचं बोललं की ते चिडायचे, बाबासाहेबांनी काय शिकवलं ते सुनवायचे. त्या दिवशी चिडले नाहीत.

"केवढं पाऊल?" त्यांनी विचारलं.

मी तळहात दाखवला.

"कुनीकडं त्वांड करून व्हतं? आपल्या गावाकडं का पल्याड?"

मला आठवावं लागलं. "ओढ्याकडं. म्हंजी ना इकडं ना तिकडं. आडवंच."

आबांनी ताट सारलं, हात धुतले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. पट्टीच्या कडेला आल्यावर थबकले आणि वहाणा काढूनच आत शिरले. बाभळीखाली बसून म्हणाले, "वाच. काय वाचतुयास त्ये मला बी ऐकू दी."

आबांना अक्षर येत नव्हतं, पण घटना हा शब्द निघाला की ते मांडी सावरून बसायचे. मी गाईड उघडलं आणि शिक्षकी थाटात सांगू लागलो. संसदेला कायदा करून नवं राज्य करता येतं. एखाद्या राज्याचं क्षेत्र वाढवता येतं, कमी करता येतं. हद्दी बदलता येतात, नावसुद्धा बदलता येतं.

"कोन चालतं?" आबा म्हणाले.

"कुठं चालतं?"

"हद्दीवरनं. नवी हद्द झाली म्हंजी कोनीतरी चाललं आसंल की. डोईवर माती घिऊन."

मी हसलो. "दिल्लीत कागदावर होतं सगळं, आबा."

"कोन चाललंच न्हाई?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. "आन् त्या शिवेवरची मान्सं? त्यास्नी इचारत्यात तरी का?"

ते मात्र गाईडात होतं. मी म्हणालो, "इचारत्यात. ज्या राज्याची हद्द बदलायची, त्याच्या विधानसभेकडं राष्ट्रपती आधी मसुदा धाडतात. तुमचं मत अमुक मुदतीत कळवा म्हणतात. मत काय बी असू दे, संसदेला ते बांधील नसतं. आन् केंद्रशासित प्रदेश असंल तर इचारायची बी गरज न्हाई."

"आमच्यावानी," आबा म्हणाले. ऊन डोक्यावर आलं होतं. बाभळीची सावली आक्रसून बुंध्याशी गोळा झाली होती.

"मुदतीत कोन बोललंच न्हाई तर?"

"तर फुडं काम चालू. बोलला न्हाई त्याचा हक्क गेला."

"आन् मुदतीत बोलायचं व्हतं," आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पर बोलू दिलं न्हाई तर?"

मी गाईडाचं पान उलटलं. मी काही म्हणायच्या आत आमच्यापासून दहा हातांवर, झऱ्याच्या बाजूला, गवत चुरचुरलं. वारा नव्हता. आबांनी तिकडं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बस तिथंच. सांगतुया."

हे वाक्य त्यांनी मला म्हटलेलं नव्हतं. मी बसलेलाच होतो.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यापूर्वी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, माझ्या वडिलांनाही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. पाऊस हुकलेला. ओढ्यात पाणी उरलं ते या झऱ्यापुरतं. शिवेचा दगड पुरात कधीच वाहून गेलेला. आमचं गाव म्हणे झरा आमचा, पल्याडचं गाव म्हणे आमचा. सरकारी मोजणी यायला वेळ लागला असता, तोवर डोकी फुटली असती. दोन्ही गावच्या जाणत्यांनी ठरवलं, म्हाळू येसकर चालेल ती शीव. जुन्या रिवाजानं अंघोळ करून, ओलेत्यानं, शिवेची माती पाटीत घालून पाटी डोक्यावर, हीच शपथ. तोंडातून शब्द काढायचा नाही. तो जिथं पाऊल ठेवील तिथं मागून लोक धोंडे मांडत येणार. नंतर चौदा दिवसांची मुदत. त्या मुदतीत येसकराच्या घरी मरण आलं, आग लागली, तर चाल खोटी धरायची आणि शीव फिरवायची.

"माझ्या बापानं मला धाकट्यापणी शिवेचा धोंडा दावला व्हता," आबा म्हणाले. "त्यो ह्या बाभळीच्या अल्याड. झरा आपला न्हवताच. पर पाटील म्हनला, म्हाळू, झरा आत घी, तुमच्या वस्तीला बी खालच्या अंगाला पानी भरू दीन. आमच्या बायका तवा दोन कोस जात व्हत्या. मी चाळीस पावलं पल्याडनं चाललू. डोईवर माती घिऊन खोटं चाललू."

नवव्या दिवशी त्यांचा धाकटा मुलगा भैरू तापानं गेला. तीन वर्षांचा होता. माझे वडील तेव्हा केंदूरला मावशीकडं होते. घरात फक्त आबा आणि माझी आजी चांगुणा. मरण कळलं असतं तर चाल खोटी ठरली असती. झरा गेला असता, आणि खोटी शपथ घेणाऱ्याच्या वस्तीची दोन्ही गावांनी काय गत केली असती, ते सांगायला नको.

"मी तिच्या तोंडावर हात दाबला," आबा म्हणाले. "म्हनलं, रडायचं न्हाई. पाच दिस काढ. मग रड हवं तेवढं."

रात्री रानात दोन्ही गावचे राखणदार बसलेले असत. दुपारी मात्र सगळे सावलीला. म्हणून आबांनी भर बारा वाजता पोराला त्याच पाटीत घातलं, वर शेण टाकलं आणि डोक्यावर घेऊन या पट्टीवर आणलं. चाल मोडू नये म्हणून तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाही. झऱ्याशेजारी खड्डा केला. माती लोटली. शेजाऱ्यांना सांगितलं, पोराला मामाकडं धाडलंय. मुदत सरल्यावर सांगितलं, तिकडंच तापानं गेलं.

"आन् आजी?"

"दळत व्हती. पहाटं जात्यावर बसायची आन् गायाची. न्हाई गायली तर शेजारच्या इचारतील ना. भैरूचं नाव घालून गायाची, रोजच्यावानी. पाच दिस." आबांनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "पंधराव्या दिशी मी म्हनलं, चांगुणे, आता रड. तर म्हनली, आता कशाला?"

आजी मी चौथीत असताना गेली. मला तिचा आवाज आठवत नाही. तो का आठवत नाही, ते मला त्या दुपारी कळलं आणि आबांचा इतका राग आला की मी उठून निघून जाणार होतो. पण म्हातारा माझ्या मनगटाला धरून बसला होता.

"आरं, त्ये पोरगं कुठल्या गावचं, सांग की मला! शीव खोटी, म्हंजी त्ये ना ह्या गावात, ना त्या गावात. आडवंच उभं हाय. अडतीस वर्सं झाली. तुझ्या बुकात हद्द मागं घेता येती म्हन्तुस. माझी घी. आर्ज लिही संसदंला. मी आंगठा देतू."

मी त्यांना समजावलं, की गावच्या शिवा संसदेत बदलत नाहीत. त्यांचं काम शिरूरला, मोजणीच्या कचेरीत. आबांना ते पटलं नाही. घटनेत हद्दीचं कलम आहे, मग आपली हद्द त्यात कशी नाही? शेवटी मी शब्द दिला की शिरूरला जाऊन जुना नकाशा काढतो, त्यावरून शीव मागं घ्यायचा अर्ज करू.

खरं सांगायचं तर मला त्या पट्टीपासून लांब जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शिरूरला गेलो. कचेरीतला मोजणीदार निवृत्तीला आलेला, चष्म्याला दोरा बांधलेला माणूस होता. मी लष्कराच्या परीक्षेला बसतोय म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली. दुपारपर्यंत बस्ते उलटेपालटे करून त्यानं इंग्रजांच्या पहिल्या मोजणीचा नकाशा बाहेर काढला. कापडावर चिकटवलेला, कडा कुरतडलेल्या. ओढा होता, झऱ्याची खूण होती. शिवेची रेघ झऱ्याच्या पल्याडून गेली होती.

मला वाटलं मी उलटा धरलाय. मोजणीदारानं पट्टी लावली, साखळ्यांचा हिशेब केला, मग पावलांत करून दिला. शीव बाभळीपासून पल्याड, चाळीस-बेचाळीस पावलांवर. आबा जिथून चालले बरोबर तिथून.

"पण आजोबांच्या वडिलांनी धोंडा अलीकडं बघितला होता," मी म्हणालो.

"धोंडे चालतात हो," मोजणीदार चष्मा पुसत म्हणाला. "कुणी पाण्यासाठी ओढून अलीकडं आणला असेल. तुमच्या पणजोबांच्या आधीच. त्यांनी बिचाऱ्यांनी होता तो दाखवला. शीव ही. हिच्यात काही फरक नाही."

मी नकाशाची नक्कल घेतली. निमोण्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि मी तिथून गावापर्यंत जवळजवळ धावतच आलो. इतका आनंद मला पुढं खांद्यावर चांदणी लागली तेव्हाही झाला नाही. आबा खोटं चाललेच नव्हते! शपथ खरी होती. पोराचा ताप हा ताप होता, शिक्षा नव्हती. भैरू आपल्याच गावात निजला होता, पहिल्या दिवसापासून.

आबा पट्टीवरच बसलेले होते, वहाणा बाहेर काढून. मी कागद त्यांच्यापुढं पसरला, बोट फिरवून ओढा दाखवला, झरा दाखवला, रेघ दाखवली. धापा टाकत दोनदा समजावलं. आबांनी रेघेवर अंगठा ठेवला आणि तिच्यावरून तो हळूहळू टोकापर्यंत नेला.

"ही खरी?" त्यांनी विचारलं.

"खरी. सरकारी हाय. तुमी खऱ्या शिवेवरनंच चालला व्हता, आबा. शपथ मोडलीच न्हवती. कोनी आलं असतं चाल फिरवायला, तर ह्यो नकाशा व्हता. झरा कुठं जात न्हवता."

मला वाटलं ते हसतील. निदान सुटल्यासारखा श्वास टाकतील. ते कागदाकडं बघत राहिले. झऱ्याकडून कसलाही आवाज येत नव्हता.

"म्हंजी," आबा म्हणाले, "तिला रडू दिलं आसतं तरी चाललं आसतं."

मी नकाशाची घडी घालायला लागलो, पण ती काही केल्या नीट बसेना.